एवढं रेकॉर्डवर येऊ द्या

ऑक्टोबरअखेरची गोष्ट. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत आमच्या घराजवळच्या सभागृहाबाहेर आगाऊ मतदानाची रांग लागली होती आणि मी अमेरिकेतलं माझं पहिलं मत द्यायला त्या रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई होत्या. चर्चला निघाल्यासारखा पोशाख, डोक्यावर जांभळी टोपी, हातात काठी. उभं राहून पाय दुखायला लागले की अनोळखी माणसंही बोलायला लागतात, तशा आम्ही बोलायला लागलो. पहिलंच मत म्हटल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन थोपटला. मग म्हणाल्या, "माझ्या आजीनं जन्मात कधी मत दिलं नाही." मी काहीतरी हळहळीचं बोलले असेन. त्या माझ्याकडे पूर्ण वळल्या. "वाचता यायचं हो तिला. आम्हा सगळ्या नातवंडांना तिनंच वाचायला शिकवलं." तेवढ्यात रांग सरकली, त्यांचा नंबर आला आणि त्या आत गेल्या.

वाचता यायचं तिला. एवढं त्यांना मुद्दाम सांगावंसं वाटलं.

हे वाक्य मला सोडेना, कारण काही महिन्यांपूर्वी मीही एक वाक्य वाचूनच या रांगेपर्यंत आले होते. नागरिकत्वाच्या मुलाखतीत समोरच्या अधिकाऱ्यानं एका छोट्या फळ्यावर एक वाक्य दाखवलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. तिसरीतलं पोर वाचेल इतकं सोपं वाक्य. चुकलं असतं तर आणखी दोन संधी होत्या. मी वाचलं, तो हसला, त्यानं खूण केली. परक्या देशात, परक्या भाषेतलं एक वाक्य वाचून मला मत मिळालं. त्या बाईंची आजी इथेच जन्मली, तिच्या आधीच्या कित्येक पिढ्या याच मातीत राबून गेल्या, आणि तीही कधीतरी अशाच एका टेबलासमोर उभी राहिली असेल. तिच्या समोरचा माणूस हसला नाही. १९०० साली नॉर्थ कॅरोलायनानं आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती केली: मतदार म्हणून नाव नोंदवायचं असेल तर राज्यघटनेतलं कुठलंही कलम इंग्रजीत वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. कुठलं कलम द्यायचं आणि बरोबर वाचलं की नाही, हे नोंदणी करणारा गोरा माणूस ठरवणार. शिवाय डोईपट्टी, म्हणजे दरडोई कर, भरलेली हवी. निरक्षर गोऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून एक पळवाटही ठेवली होती. १ जानेवारी १८६७ ला किंवा त्याआधी ज्याला मताधिकार होता, तो स्वतः किंवा त्याचा वंशज असेल तर वाचनाची अट नाही. गुलामांच्या नातवंडांना असा आजोबा कुठून असणार? लोक याला आजोबांचं कलमच म्हणत.

ही दुरुस्ती कशी झाली, कुणी विरोध केला का, हे शोधता शोधता मी जॉर्ज हेन्री व्हाइट या माणसापर्यंत पोचले. आणि मग बरेच दिवस त्याच्यापाशीच राहिले.

व्हाइटचा जन्म १८ डिसेंबर १८५२ चा, नॉर्थ कॅरोलायनाच्या ब्लेडन काउंटीतला. तो भाग पाइनच्या जंगलांचा. झाडाला खाच मारायची, राळ गोळा करायची, तिचं टर्पेंटाइन काढायचं आणि लाकडी पिंपांत भरून धाडायचं, हा तिथला धंदा. पोरवयात व्हाइटनंही शेतात आणि या कामात घाम गाळला. इथे पूर्वेला गाडीनं जाताना उन्हाळ्यात काच खाली केली की अजूनही तो राळेचा उग्र, थोडा गोडसर वास येतो. लहानपणी गुरवाच्या घरी धूप कुटायचे, त्या वासाच्या जवळचा. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा व्हाइट बारा वर्षांचा होता. मिळेल तिथे शिकत, कमावत तो १८७४ मध्ये वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठात पोचला. १८७७ ला पदवी घेऊन न्यू बर्नला आला, मुलांना शिकवायला लागला आणि सोबत कायद्याचा अभ्यास करू लागला. तेव्हा कायदा शिकायचा म्हणजे कुणा मुरलेल्या वकिलाच्या हाताखाली बसून शिकायचं. त्याला शिकवलं विल्यम जे. क्लार्क नावाच्या न्यायाधीशानं. हा क्लार्क युद्धात दक्षिणेच्या फौजेत कर्नल होता. गुलामगिरी टिकवण्याच्या बाजूनं लढलेल्या माणसानं पंधरा वर्षांच्या आत एका कृष्णवर्णीय तरुणाला आपल्या टेबलापाशी बसवून कायदा शिकवला, ही गोष्ट मी किती वेळा तरी मनात उलटसुलट करून पाहिली. माणसं बदलू शकतात असं म्हणून सुटका करून घ्यावी, तर पुढे याच राज्यात जे झालं ते आठवतं. जानेवारी १८७९ मध्ये व्हाइटला वकिलीची सनद मिळाली.

माझे बाबा वकील होते. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या कोर्टात त्यांची उभी हयात गेली. पक्षकार बहुतेक शेतकरी. बांधाचे वाद, वाटणीचे दावे, सावकाराचा तगादा. घरी पुढच्या खोलीत फायली, वहाणांचा ढीग आणि पऱ्हाटीच्या शेतातून थेट आलेल्या माणसांच्या कपड्यांना चिकटलेला सरकीचा कापूस. व्हाइटबद्दल वाचताना मला पहिल्यांदा बाबा आठवले ते यासाठी की आमच्या वऱ्हाडाचं आणि त्याच्या मुलखाचं कापसानं जुनं नातं आहे. अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, म्हणून इंग्रजांचं लक्ष आमच्या काळ्या जमिनीकडे वळलं, भाव चढले, आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत आगगाडी आली ती कापूस न्यायलाच. व्हाइट पुढे टारबरो या गावी राहायला गेला. त्या एजकोम काउंटीतून चौसष्ट नंबरच्या महामार्गानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाताना दोन्हीकडे फुटलेली बोंडं क्षितिजापर्यंत दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवऱ्याला गाडी थांबवायला लावून उतरले होते. इथे वेचणी यंत्रानं होते, शेतात माणूस दिसत नाही. पण ज्या काळाबद्दल मी बोलतेय त्या काळात या शेतांत वाकलेली बहुतेक माणसं कृष्णवर्णीय होती, आणि व्हाइट त्यांचा वकील होता, नंतर त्यांचा आमदार, नंतर खासदार.

१८८० मध्ये तो राज्याच्या विधानसभेवर निवडून गेला, १८८४ मध्ये वरच्या सभागृहात. १८८६ मध्ये दुसऱ्या न्यायिक जिल्ह्याचा सरकारी वकील म्हणून निवडून आला आणि आठ वर्षं त्या पदावर राहिला. त्या काळात साऱ्या देशात दुसरा कृष्णवर्णीय सरकारी वकील नव्हता असं म्हणतात. या आठ वर्षांपाशी मी थबकते. सरकारी वकिलाचं काम आरोपीविरुद्ध उभं राहायचं. त्याच्या समोरच्या पिंजऱ्यात आपल्याच समाजाची किती गरीब माणसं उभी राहिली असतील, कुणी डुक्कर चोरलं म्हणून, कुणी मक्याची पोती उचलली म्हणून. त्याला काय वाटत असेल? बाबांनी एकदा सहाय्यक सरकारी वकिलाची जागा नाकारली होती आणि त्याचं कारण आईलाही धड सांगितलं नव्हतं. व्हाइटनं नाकारली नाही. मला वाटतं त्याला कोर्टाच्या त्या बाजूला उभं राहणं महत्त्वाचं वाटलं असणार, कारण शेवटच्या भाषणातसुद्धा त्यानं हेच मागितलं: आमच्यातल्या गुन्हेगारांना खुशाल शिक्षा करा, पण ती कोर्टात करा, आणि आमच्या समाजाचं माप आमच्यातल्या चांगल्या माणसांवरून घ्या. कोर्टावर एवढी श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाला कोर्ट टाळून, झाडाला टांगून केलेला न्याय किती जिव्हारी लागत असेल.

त्याचा लोकसभा मतदारसंघ 'ब्लॅक सेकंड' म्हणून ओळखला जाई. १८७२ मध्ये डेमोक्रॅट पक्षानं सीमा अशा आखल्या की कृष्णवर्णीय मतदार शक्यतो एकाच मतदारसंघात कोंबले जावेत आणि बाकीचे मतदारसंघ गोऱ्यांना सुरक्षित राहावेत. (तेव्हाचे रिपब्लिकन म्हणजे लिंकनचा पक्ष, आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट म्हणजे गोऱ्या वर्चस्वाचा पक्ष. आजच्या हिशेबानं वाचलं तर घोटाळा होतो.) पण या कोंबण्यातूनच जॉन हायमन, जेम्स ओ'हारा, हेन्री चीटम आणि शेवटी व्हाइट असे चार कृष्णवर्णीय खासदार वॉशिंग्टनला गेले. चीटम व्हाइटचा साडू. टारबरोच्या चेरी घराण्यातल्या दोन बहिणी दोघांच्या घरी. १८९४ मध्ये उमेदवारीवरून साडूसाडूंत अशी जुंपली की प्रकरण पक्षाच्या वरच्या लोकांकडे गेलं, आणि या भांडणात जागा डेमोक्रॅटांकडे गेली. सणावाराला त्या दोन बहिणी एकमेकींशी काय बोलत असतील, हा प्रश्न कुठल्याच इतिहासकाराला पडलेला दिसत नाही. १८९६ मध्ये मात्र रिपब्लिकन आणि गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचा पॉप्युलिस्ट पक्ष एकत्र आले, आणि व्हाइट निवडून आला. गरीब गोरा आणि कृष्णवर्णीय एका बाजूला मत देतात हे चित्रच राज्यातल्या बड्या लोकांना सहन होईना.

१८९८ ची निवडणूक डेमोक्रॅटांनी ही युती मोडण्यासाठीच लढवली. प्रचाराची सूत्रं फर्निफोल्ड सिमन्सकडे, आणि राज्याची राजधानी असलेल्या रॅली शहरातलं जोसेफस डॅनियल्सचं वर्तमानपत्र रोज कृष्णवर्णीयांची विटंबना करणारी व्यंगचित्रं छापत होतं. लाल सदरे घातलेले बंदूकधारी घोड्यांवरून गावोगाव फिरत होते. व्हाइट तरीही निवडून आला. पण मतदानानंतर दोनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, विल्मिंग्टन शहरात गोऱ्या जमावानं अलेक्झांडर मॅन्लीच्या 'डेली रेकॉर्ड' या कृष्णवर्णीय वृत्तपत्राचं कार्यालय जाळलं, रस्त्यावर माणसं मारली आणि निवडून आलेलं नगर प्रशासन बंदुकीच्या धाकावर राजीनामा द्यायला लावून पाडलं. किती जण मेले याचा नक्की आकडा कधीच लागला नाही. बायका-मुलं घेऊन माणसं थंडीत दलदलीत लपून राहिली. या जमावाचं नेतृत्व करणारा, आणि त्याच संध्याकाळी शहराचा महापौर होऊन बसणारा माणूस होता आल्फ्रेड मूर वॅडेल. त्याआधी भर सभेत तो म्हणाला होता की केप फिअर नदी प्रेतांनी तुंबवावी लागली तरी बेहत्तर. हा वॅडेलही वकील होता. १८७१ ते १८७९ हा काळ तो याच राज्यातून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये खासदार होता. वकील, मग खासदार. एकाच राज्याची सनद, एकाच सभागृहाची पायरी. एकानं कायदा शिकून जमावाला पुढे घातलं, दुसऱ्यानं जमावाला आळा घालणारा कायदा मांडला.

तो कायदा व्हाइटनं २० जानेवारी १९०० ला मांडला. जमाव जमवून माणसाला ठार करणं हा केंद्राच्या कायद्याखाली गुन्हा ठरवावा, त्यात सामील असणाऱ्याला देशद्रोह्याची शिक्षा व्हावी. असं विधेयक काँग्रेसमध्ये येण्याची ही पहिलीच वेळ. सोबत दोन हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज होता. कारण काय घडत होतं हे त्याला ऐकून नव्हे, कामातून माहीत होतं. साउथ कॅरोलायनातल्या लेक सिटीत फ्रेझियर बेकर नावाच्या कृष्णवर्णीय पोस्टमास्तरचं घर फेब्रुवारी १८९८ मध्ये जमावानं पेटवलं आणि बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. बेकर गेला, त्याची तान्ही मुलगी गेली. सरकारी नोकर होता तो, सरकारी डाक वाटत होता. त्याच्या बायकोमुलांना मदत मिळावी म्हणून व्हाइटनं सभागृहात प्रयत्न केला, तोही आक्षेप घेऊन अडवला गेला. आणि आता हे विधेयक न्याय समितीकडे गेलं, आणि तिथेच मेलं. मतदानालासुद्धा आलं नाही.

साऱ्या काँग्रेसमध्ये तेव्हा तो एकटाच कृष्णवर्णीय होता. एकटाच म्हणजे दोन्ही सभागृहं मिळून एकटा. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. त्या सालच्या काँग्रेसमध्ये खालच्या सभागृहात सात कृष्णवर्णीय सदस्य होते. पुण्यात बसून जोतीरावांना जो प्रकाश दिसत होता तो खराच होता, कुणी फसवून दाखवलेला नव्हता. शाळेत ती अर्पणपत्रिका शिकताना आमच्या सरांनी सांगितलं होतं की पाहा, जगात एका ठिकाणी तरी हे झालं. मग अठ्ठावीस वर्षांत सातांचे शून्य कसे होतात, हे मात्र कुणी शिकवलं नाही. पुढे सरकलेलं काही मागे खेचता येत नाही, अशा समजुतीत मी वाढले.

१९०० च्या ऑगस्टमध्ये ती वाचनाची अट घालणारी दुरुस्ती मंजूर झाली. व्हाइटनं पुन्हा उभं न राहण्याचं ठरवलं. नॉर्थ कॅरोलायनात मला माणूस म्हणून राहता येणार नाही, असं त्यानं वर्तमानपत्राला सरळ सांगितलं. छापून येणाऱ्या शिव्याशापांनी बायकोची, कोराची, प्रकृती पार ढासळली होती. आणि मग २९ जानेवारी १९०१ ला, मुदत संपायला महिनाभर उरला असताना, तो सभागृहात शेवटचं मोठं भाषण करायला उभा राहिला.

हे भाषण मी पहिल्यांदा वाचलं ते घरात सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. चर्चा शेतकी खात्याच्या खर्चाच्या विधेयकावर चालू होती. म्हणजे ज्या दिवशी एका समाजाचा शेवटचा प्रतिनिधी सभागृहाचा निरोप घेत होता, त्या दिवशी त्याच्यासाठी वेळ ठेवलेला नव्हता. शेतीवरच्या चर्चेत मिळालेली मिनिटं त्यानं वापरली. आणि बोलला ते अंगावर येतं. आधी त्यानं हिशेब मांडला. पस्तीसेक वर्षांत आम्ही आमच्यातली निरक्षरता ४५ टक्क्यांनी कमी केली. जवळपास ५०० पुस्तकं लिहून छापली. सुमारे ३०० वर्तमानपत्रं चालवतो, त्यातली ३ दैनिकं. २,००० हून अधिक वकील आज वकिली करताहेत. १,४०,००० च्या आसपास शेतं आणि घरं आमच्या मालकीची आहेत. आणि हे सगळं आम्ही झुंडीनं मारले जात असताना, मत हिरावलं जात असताना. घटनेतल्या चौदाव्या दुरुस्तीकडेही तो वारंवार बोट दाखवत आला होता: जे राज्य लोकांचं मत हिरावेल, त्याच्या खासदारांची संख्या त्या प्रमाणात कमी करा, हे तुमच्याच घटनेत लिहिलेलं आहे. ते तर कधीच कुणी अमलात आणलं नाही.

मग ते प्रसिद्ध वाक्य. निग्रोंचा अमेरिकन काँग्रेसला हा बहुधा तात्पुरता निरोप आहे, पण फिनिक्ससारखा तो एक दिवस उठेल आणि पुन्हा येईल. आणि अगदी शेवटी, इतक्या पोटतिडकीनं बोललो याबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे, की मी या देशाच्या एक अष्टमांश लोकांच्या जिवासाठी, स्वातंत्र्यासाठी, त्यांच्या सुखासाठी आणि मताधिकारासाठी वकिली करतो आहे. त्यापुढे कंसात कार्यवृत्त लिहिणाऱ्यानं नोंदवलंय: मोठा टाळ्यांचा गजर.

त्या टाळ्यांवर माझा राग आहे. कुणी वाजवल्या? ज्यांनी त्याचं विधेयक समितीत कुजवलं त्यांनीच ना?

पण भाषण पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं, की तो टाळ्या वाजवणाऱ्यांशी बोलतच नव्हता. बाबा कधीकधी मला कोर्टात नेत. एकदा न्यायाधीश त्यांच्या एका मुद्द्याकडे लक्षच देईनात. समोरचा वकील हसत होता. बाबा न चिडता म्हणाले, "साहेब, निकाल आपण द्याल तो मान्य. पण एवढं रेकॉर्डवर येऊ द्या." घरी येताना मी विचारलं, हरणार हे माहीत असताना कशाला बोलत बसलात? ते म्हणाले, "खालच्या कोर्टात जे रेकॉर्डवर येत नाही, ते वरच्या कोर्टात कुणी ऐकत नाही." व्हाइट बावीस वर्षं वकिली केलेला माणूस होता. समोरच्या बेंचचा निकाल ठरलेला आहे हे त्याला दिसत होतं. म्हणून तर ते आकडे, एकामागून एक, साक्षीपुराव्यासारखे. म्हणून 'तात्पुरता' हा शब्द. तो भाषण करत नव्हता, अपिलाची तयारी करत होता. शाळेत, चर्चमध्ये ते फिनिक्सचं वाक्य तेवढं म्हणून दाखवतात आणि हिशेबाचा भाग गाळतात. माझ्या मते हिशेबाचा भागच भाषणाचा कणा आहे.

४ मार्च १९०१ ला त्याची मुदत संपली. तिकडे रॅलीत राज्याच्या विधिमंडळात ए. डी. वॉट्स नावाच्या सदस्यानं उभं राहून देवाचे आभार मानले, की या उद्धट निग्रोपासून आपल्या राज्याची सुटका झाली आणि आता पुन्हा कधी कुणी निग्रो देशाच्या सभागृहात राज्याची बेअब्रू करणार नाही. तेही रेकॉर्डवर आलं.

व्हाइट राज्य सोडून गेला, याबद्दल माझ्या मनात बरेच दिवस दोन्ही बाजूंनी वाद चालला. ज्या कापूस वेचणाऱ्या माणसांनी त्याला निवडून दिलं त्यांना वॉशिंग्टनला जाण्याची सोय नव्हती. ती तिथेच राहिली, त्या टेबलासमोर वाचून दाखवत राहिली आणि नापास होत राहिली. पण मी स्वतः गाव सोडून सात समुद्र पलीकडे आलेली बाई, तेही जीव धोक्यात नसताना. शिवाय तो गेला आणि स्वस्थ बसला असं नाही. वॉशिंग्टनला आणि मग फिलाडेल्फियाला वकिली केली. न्यू जर्सीत केप मे काउंटीत सुमारे १,७०० एकर जमीन घेऊन तिथे दक्षिणेतून पळून येणाऱ्या कृष्णवर्णीयांना प्लॉट पाडून दिले, हप्त्यानं फेडण्याच्या बोलीवर. व्हाइट्सबरो हे गाव अजून आहे. फिलाडेल्फियात त्यानं बँक काढली, लोकांना घरासाठी कर्ज मिळावं म्हणून. ती फार वर्षं टिकली नाही. १९१७ मध्ये, पासष्टीला आलेला असताना, तो फिलाडेल्फिया शहराचा सहाय्यक सरकारी वकील झाला. २८ डिसेंबर १९१८ ला तो गेला.

त्यानंतर बरोबर महिन्याभरानं, २७ जानेवारी १९१९ ला, मुंबईत सिडनहॅम कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि सरकारी अधिकारपद मिळवण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन सर्वांत महत्त्वाचे हक्क आहेत, असं बाबासाहेबांनी त्या साक्षीत लिहून दिलं. त्या समितीनंही अस्पृश्यांच्या पदरात फारसं काही टाकलं नाही. तीस वर्षांनी घटना लिहिताना मात्र मतासाठी ना शिक्षणाची अट राहिली, ना मालमत्तेची. माझी आजी कधी शाळेची पायरी चढली नव्हती. ती नऊवारीचा पदर खोचून, बोटाला शाई लावून घेऊन, दर निवडणुकीला मत द्यायची आणि आल्यावर कुणाला दिलं ते कुणालाच सांगायची नाही. वाचता येत नव्हतं तिला. तिला कुणी विचारलंच नाही. वाचता येणारी इथली एक आजी दारातून परत पाठवली गेली आणि वाचता न येणारी माझी आजी तोऱ्यात मत देऊन आली, हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर घटना लिहिणाऱ्यांच्या त्या निर्णयाची किंमत मला आता कुठे नीट कळतेय. आणि मी इथे आहे तीही १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. ज्या वर्षी इथल्या कृष्णवर्णीयांनी मार खाऊन मताधिकाराचा कायदा मिळवला, त्याच वर्षीचा तो.

व्हाइटचं अपील फार हळू चाललं. काँग्रेसमध्ये पुढचा कृष्णवर्णीय खासदार आला तो १९२९ मध्ये, शिकागोहून, ऑस्कर डी प्रीस्ट. दक्षिणेतून यायला १९७२ ची निवडणूक उजाडली: टेक्ससमधून बार्बरा जॉर्डन, तीही वकीलच, आणि जॉर्जियातून अँड्र्यू यंग. खुद्द नॉर्थ कॅरोलायनातून १९९२ मध्ये, ईव्हा क्लेटन आणि मेल वॉट. झुंडबळीविरोधी कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली २९ मार्च २०२२ ला, व्हाइटनं विधेयक मांडल्याला १२२ वर्षं झाल्यावर. तोवर किती माणसं मेली याचा हिशेब त्या सहीत नाही.

आणि वाचनाची ती अट? १९५९ मध्ये लुईझ लॅसिटर नावाची एक बाई तिच्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. ती नॉर्थॅम्प्टन काउंटीची, म्हणजे व्हाइटच्याच जुन्या मतदारसंघातली. तिनं परीक्षा द्यायलाच नकार दिला होता. न्यायालयानं एकमतानं निकाल दिला, अट वैध आहे. १९६५ च्या मताधिकार कायद्यानं ती निष्प्रभ होत गेली. १९७० मध्ये राज्यानं लोकांना विचारलं, आता हे कलम घटनेतून काढून टाकायचं का? बहुमतानं उत्तर आलं, नाही. मी हे लिहितेय तेव्हा राज्याच्या घटनेत सहाव्या भागातल्या चौथ्या कलमात ते तसंच आहे. मी ते उघडून वाचलं. इंग्रजीत, मोठ्यानं, एका दमात.

ते काढायचा प्रस्ताव अधूनमधून निघतो आणि विरतो. माझ्या ओळखीतले काही जण म्हणतात, राहू दे की, आता त्याला कोण विचारतं, उलट झालेल्या अन्यायाचा पुरावा म्हणून असू दे. मला हे पटत नाही. पुराव्याची जागा अभिलेखागारात असते. घटनेत पुरावे ठेवत नाहीत, घटनेत आपण काय मानतो ते लिहितात. मी आता या राज्याची मतदार आहे, माझ्या भागातल्या दोन्ही आमदारांना मी या कलमाबद्दल पत्रं लिहिली आहेत, व्हाइटच्या भाषणातला तो हिशेबाचा उतारा जोडून.